करुण नायर गेला म्हणून विदर्भ रिता झाला नाही

मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठा मैदानावर विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर बाजी मारली आणि रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. पुढचा हंगाम उजाडण्याआधीच त्या संघातले सर्वांत मोठे नाव बाहेर पडले. करुण नायर आपल्या मूळच्या कर्नाटक संघात परतला. त्याच सुमारास अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. विदर्भ क्रिकेट संघटनेने दोघांनाही जाऊ दिले, दिल्लीहून आलेल्या ध्रुव शौरीला ठेवून घेतले आणि कर्नाटकात घडलेल्या, मधल्या काळात उत्तराखंडाकडून खेळलेल्या आर. समर्थला आणले. मोठ्या नावाच्या जागी तेवढेच मोठे नाव आणण्याचा आग्रह धरला नाही.

हे निर्णय अनेकांना पटले नाहीत. विदर्भाचे यश उसने होते आणि उसने देणारा परत गेला, असे काही जण म्हणतात. नायरच्या तोडीचा भारतीय संघातला फलंदाज आणायला हवा होता, असे दुसऱ्यांचे म्हणणे. तिसरा सूर नेमका उलटा आहे: बाहेरचे खेळाडू मुळात हवेतच कशाला, समर्थची जागाही विदर्भाच्या पोरालाच द्या. मूर्तिजापूर हे अकोला आणि बडनेरा यांच्यामधले जंक्शन असल्यामुळे तिथे या वादाला आणखी एक पदर येतो. एका बाजूच्या अमरावतीचा जितेश गेला आणि दुसऱ्या बाजूच्या अकोल्याचा अथर्व तायडे राहिला. जितेशला थांबवता आले नाही याचे दुःख वऱ्हाडात खरे आहे. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यातले हे निर्णय मुळात बरोबर होते, आणि त्यांच्यावरचे बहुतेक आक्षेप नावांकडे पाहून घेतलेले आहेत, संघातल्या जागांकडे पाहून नव्हे.

यश उसने होते, या आक्षेपाची बाजू सर्वांत भक्कम दिसते ती केरळविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यातच. पहिल्या डावात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली होती. तिथून नायरने ८६ धावा केल्या. दुसऱ्या डावात पुन्हा सुरुवातीलाच दोन बळी पडले आणि त्याने १३५ धावा काढून सामना केरळच्या हाताबाहेर नेला. संपूर्ण रणजी हंगामात त्याच्या ८६३ धावा झाल्या. त्याच हंगामातल्या मर्यादित षटकांच्या विजय हजारे करंडकात त्याने पाच शतकांसह ७७९ धावा केल्या आणि विदर्भाला अंतिम फेरीत नेले. हे ऋण मोठे आहे आणि ते नाकारून कोणाचाही मुद्दा सिद्ध होत नाही.

पण धावफलक पूर्ण वाचला पाहिजे. ३ बाद २४ वर नायर आला तेव्हा समोरच्या टोकाला दानिश मालेवार होता, नागपूरचा, एकवीस वर्षांचा, रणजीचा पहिलाच हंगाम खेळणारा. दोघांनी २१५ धावांची भागी केली आणि त्या डावातली सर्वांत मोठी खेळी मालेवारची होती, १५३ धावांची. सामनावीरही तोच ठरला. हंगामात विदर्भाकडून सर्वाधिक धावा नायरच्या नव्हत्या. यश राठोडने ९६० धावा केल्या आणि मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावातले त्याचे १५१ नसते तर अंतिम सामना नागपुरात झालाच नसता. गोलंदाजीत तर पाहुण्यांचा वाटा शून्य. नायर आणि शौरी दोघेही फलंदाज. डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने त्या हंगामात ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी त्याआधी कोणीही घेतलेले नव्हते. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने घेतलेल्या ६८ बळींचा विक्रम दुबेने मोडला. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये समोरच्या संघाचे वीस गडी बाद केल्याशिवाय निर्णायक विजय मिळत नाही. ते काम ज्यांनी केले ते सगळे विदर्भाच्या वयोगटांतून वर आलेले होते.

इतिहास या आक्षेपाला आणखी स्पष्ट उत्तर देतो. विदर्भ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो आहे. बाहेरचे नामवंत खेळाडू आणण्याची सुरुवात पहिल्या विजेतेपदाच्या बऱ्याच आधी झाली. २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचा एस. बद्रीनाथ आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला, त्यानंतरच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर आला. पाहुण्यांमुळे करंडक मिळत असता तर तो तेव्हाच मिळायला हवा होता. मिळाला तो २०१७-१८ मध्ये, म्हणजे विदर्भाच्या स्वतःच्या गोलंदाजीने वय गाठले त्या वर्षी. कोलकात्यात झालेल्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवताना रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरीच हॅट्‌ट्रिक. त्याच सामन्यात अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीतले पदार्पणही तिथेच केले. जाफरने पहिल्या डावात ७८ धावा काढल्या आणि विजयी फटकाही त्याचाच होता. पण हंगामभर डावाचा पाया घातला तो कर्णधार फैज फजलने, ९१२ धावा करून. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा त्या वर्षीचा वाटा फार मोठा आहे आणि तेही बाहेरूनच आले होते. तरी त्यांच्या हाती जे खेळाडू पडले ते २००० च्या दशकाच्या अखेरीपासून नागपूरच्या निवासी अकादमीने आणि वयोगटांच्या संघांनी घडवत आणलेले होते. इतक्या वर्षांच्या त्या कामाशिवाय कोणत्याही प्रशिक्षकाला एका हंगामात करंडक उचलता आला नसता.

नायर गेल्यावर संघ कोसळेल, ही भीती ज्यांना वाटली त्यांनी त्याआधीच्या वर्षीच्या एका जाण्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. ते जाणे आदित्य सरवटेचे. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात जामठ्यावर सौराष्ट्राविरुद्ध सरवटेने अकरा बळी घेतले, दोन्ही डावांत चेतेश्वर पुजाराला बाद केले आणि विदर्भाला सलग दुसरा करंडक मिळवून दिला. विदर्भाच्या क्रिकेटच्या इतिहासात एका सामन्यावर इतकी स्पष्ट छाप फार थोड्यांनी सोडली आहे. हा गोलंदाज २०२४-२५ च्या आधी विदर्भ सोडून केरळकडे गेला. रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. पहिल्या दोन करंडकांचे दोन मुख्य शिल्पकार एकाच उन्हाळ्यात गेले. घरचे, विदर्भातच घडलेले, पाहुणे नव्हेत. आज नायरच्या जाण्यावर होणारी चर्चा पाहता तेव्हा त्याहून मोठी ओरड व्हायला हवी होती.

सरवटे गेल्याने जी जागा मोकळी झाली ती डावखुऱ्या फिरकीपटूचीच होती. ती भरायला संघटनेने दुसऱ्या राज्यातला नामांकित फिरकीपटू आणला असता तर त्या खर्चाला कोणी नावे ठेवली नसती. तिथे हर्ष दुबेला मोकळे सोडले गेले, सलग षटके दिली गेली, आणि पहिल्या पूर्ण हंगामात त्याने विक्रम केला. नंतर अंतिम सामन्यात सरवटे केरळकडून विदर्भासमोर उभा राहिला आणि पहिल्या डावात त्याने ७९ धावांची झुंजार खेळी केली. गेलेला खेळाडू चांगला होता, हे त्यातून पुन्हा दिसले. पण त्याला जाऊ देण्याचा निर्णय चुकला होता, असे त्यातून ठरत नाही. गेलेल्याची गुणवत्ता हे कारण त्याला थांबवण्यासाठी पुरेसे नसते; त्याच्या मागे रांगेत कोण उभा आहे, हे त्याआधी पाहावे लागते. दुबे मागे उभा नसता तर तेच जाणे घातक ठरले असते. २०२४ च्या उन्हाळ्यातल्या या निर्णयाला जे श्रेय मिळायला हवे होते ते आजवर मिळालेले नाही, आणि २०२५ च्या निर्णयांवर टीका करणाऱ्यांनी आधी त्याचा हिशेब द्यायला हवा.

मोठ्या नावाच्या जागी मोठे नावच हवे, हा दुसरा आक्षेप फक्त वऱ्हाडातला नाही. हंगामाबाहेरच्या महिन्यांत संघांची उलथापालथ हा अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हिवाळ्याचा मुख्य विषय असतो, आणि तिथे हा वाद अनेकदा झाला आहे. २००१ चा हंगाम संपल्यावर ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या कमी पैशाच्या संघातून जेसन जियांबी, जॉनी डेमन आणि जेसन इसरिंगहाउझन हे तिघे बड्या रकमांवर इतर संघांत गेले. संघ संपला, असे म्हटले गेले. आदल्या वर्षी १०२ सामने जिंकणारा हा संघ २००२ मध्ये १०३ सामने जिंकला, त्यांतले वीस सलग. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकामुळे आणि पुढे त्यावरच्या चित्रपटामुळे ही गोष्ट जगभर गेली. पण ती सांगताना बहुतेक जण एकच भाग सांगतात: आकडेवारी वापरून स्वस्तात उपेक्षित खेळाडू कसे हेरले. त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा ओकलंडनेच लहान वयात उचलून घडवलेला होता. सर्वोत्तम पिचरचा मान मिळवणारा बॅरी झीटो आणि त्याच्या जोडीचे टिम हडसन, मार्क मल्डर हे तिघेही ओकलंडच्याच खालच्या संघांतून वर आलेले. स्वस्तात आणलेल्या खेळाडूंनी खिंडारे बुजवली. सामने जिंकून दिले ते मुख्यतः घरी तयार झालेल्या पिचरांनी. विदर्भाच्या बाबतीत जियांबीच्या जागी नायर आणि हडसन-झीटोंच्या जागी दुबे, यश ठाकूर, नचिकेत भुते या गोलंदाजांना ठेवले की साम्य लक्षात येते.

नायर गेल्यावर विदर्भाला नेमके काय कमी पडणार होते? चेंडू नवा असताना दोन-तीन बळी पडले तर खेळपट्टीवर चार तास उभा राहणारा अनुभवी फलंदाज. नायरची चमक पुन्हा विकत मिळणार नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण धावा करणारी मधली फळी राठोड, मालेवार आणि वाडकर यांच्या रूपाने उभी होती. समर्थ हा नेमका त्या प्रकारचा खेळाडू आहे. त्याच्या नावावर कसोटी त्रिशतक नाही, नायरच्या नावावर आहे. पण समर्थकडे प्रथम श्रेणी क्रिकेटचा दशकभराहून अधिक अनुभव आहे आणि वरच्या फळीत संयमाने खेळण्याची सवय आहे. भारतीय संघातला फलंदाज आणला असता तर तो भारतीय संघाच्या आणि भारत ‘अ’ च्या दौऱ्यांमध्ये अर्धा हंगाम गायब असता. पाहुण्याची निवड करताना तो किती सामने उपलब्ध असेल, हा प्रश्न त्याच्या सरासरीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नाव मोठे असले की सर्वांत आधी तोच प्रश्न विसरला जातो.

शौरीला कायम ठेवण्याच्या निर्णयाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण त्या उन्हाळ्यातला तो कदाचित सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. २०२४-२५ च्या विजय हजारे करंडकात उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही सामन्यांत त्याने शतके केली होती. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांतही शतके करून त्याने लिस्ट ‘ए’ क्रिकेटमध्ये सलग पाच शतकांच्या विश्वविक्रमाची बरोबरी साधली. नायरचे जाणे डोळ्यांत भरले, शौरीचे राहणे भरले नाही.

मग निकाल आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यावरच इराणी करंडकात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवले. पहिल्या डावात अथर्व तायडेने १४३ आणि राठोडने ९१ धावा केल्या. नायर त्या संघात नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये बंगळुरूत विजय हजारे करंडकाच्या उपांत्य फेरीत विदर्भासमोर कर्नाटक होते, म्हणजे नायर ज्या संघात परतला तोच संघ. दर्शन नळकांडेने पाच बळी घेतले, अमन मोखाडेने १३८ धावा केल्या, समर्थ ७६ धावांवर नाबाद राहिला आणि विदर्भ सहा गडी राखून जिंकले. अंतिम सामन्यात सौराष्ट्राला ३८ धावांनी हरवून हर्ष दुबेच्या नेतृत्वाखालील संघाने हा करंडक पहिल्यांदाच विदर्भात आणला. मोखाडेच्या स्पर्धेत आठशेहून अधिक धावा झाल्या. अंतिम सामन्यातले शतक, १२८ धावांचे, अथर्व तायडेचे होते. आदल्या वर्षी नायरने स्वप्नवत खेळ केला तेव्हा विदर्भ याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाकडून हरले होते. एका स्पर्धेवरून सगळे सिद्ध होत नाही, हे खरेच. मर्यादित षटकांचा खेळ वेगळा आणि चार दिवसांचा वेगळा. पण ‘नायर गेला म्हणजे विदर्भ संपला’ हे विधान खोटे ठरवायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

बाहेरचा एकही खेळाडू नको, हे म्हणणे अधिक भावनिक आहे, आणि त्यातली भावना आदराची आहे. साठ वर्षे हरत राहिलेल्या प्रदेशाला आपल्या पोरांनीच जिंकावे असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हा मार्ग चुकीचा आहे, कारण भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडू राज्यांच्या सीमा ओलांडत आले आहेत आणि त्यात विदर्भाचा वाटा लहान नाही. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचा. तो होळकरांकडे इंदूरला गेला आणि १९४० व ५० च्या दशकांत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरचा माणूस इंदूरला करंडक मिळवून देऊ शकतो, तर इंदूर किंवा बंगळुरूचा माणूस नागपूरला देऊ शकतो. २०२५ च्या त्याच उन्हाळ्यात पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला, जलज सक्सेना केरळहून महाराष्ट्राकडे आला, आणि यशस्वी जयस्वालने गोव्याकडे जाण्याची परवानगी मागून नंतर ती मागे घेतली. हा सगळा व्यवहार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमांनुसार चालतो. एका संघाला जास्तीत जास्त तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात. ही मर्यादा स्थानिकांच्या संरक्षणासाठी पुरेशी आहे. त्या उन्हाळ्यात विदर्भाने तिचा पूर्ण वापरही केला नाही.

पाहुणा खेळाडू स्थानिकाची जागा अडवतो, एवढेच पाहणारे लोक त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला काय मिळते हे पाहत नाहीत. वसीम जाफरने २०१८-१९ मध्ये, चाळिशीत, एका रणजी हंगामात १,०३७ धावा केल्या. त्या धावा तर विदर्भाच्या कामी आल्याच, पण त्याच्यासोबत सराव करणाऱ्या, त्याच्या समोरच्या टोकाला उभे राहणाऱ्या तरुण फलंदाजांनी डाव कसा रचतात हे जवळून पाहिले. मालेवारने नायरसोबत केलेली २१५ धावांची भागी हे त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण. २०२५ च्या दुलीप करंडकात मालेवारने द्विशतक केले तेव्हा पहिल्या हंगामातला तो सहवास व्यर्थ गेला नव्हता, असे म्हणायला जागा आहे. नायरलाही विदर्भाने काही दिले. कर्नाटकाने वगळल्यानंतर त्याला २०२३ मध्ये विदर्भाने संधी दिली, आणि त्या संधीच्या बळावर तो २०२५ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात कसोटी संघात परतला. अशा खेळाडूला आपल्या राज्यात परतायची इच्छा झाली तर त्याला अडवणे हे विदर्भाच्या नावाला शोभले नसते, आणि पुढच्या वेळी एखाद्या उपेक्षित गुणी खेळाडूने नागपूरची वाट धरताना दहादा विचार केला असता.

जितेश शर्माचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक बोचतो. तो अमरावतीचा. जून २०२५ मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकले तेव्हा त्या संघात तो होता, आणि साखळीतल्या लखनौविरुद्धच्या सामन्यात ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने एक अशक्य वाटणारे लक्ष्य गाठून दिले होते. असा खेळाडू विदर्भाच्या यादीतून जाणे हे नुकसान आहे, विशेषतः वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये. पण चार दिवसांच्या सामन्यांत विदर्भाकडे यष्टिरक्षकाची जागा एकच होती आणि तिथे अक्षय वाडकर होता, जो कर्णधारही होता आणि मोठ्या धावाही करत होता. वाडकरला बसवून जितेशला खेळवणे कोणत्याही निवड समितीला शक्य नव्हते. ज्याला रणजीत नियमित खेळायचे आहे त्याने दुसरा संघ शोधणे यात गैर काही नाही. त्याला केवळ अमरावतीचा म्हणून राखीव बाकावर धरून ठेवणे हा वऱ्हाडाचा सन्मान ठरला नसता, उलट त्याच्या कारकिर्दीची दोन-तीन वर्षे वाया गेली असती.

टीका करायचीच असेल तर ती दुसरीकडे करायला हवी, आणि ती कठोर असायला हवी. विदर्भाच्या संघातली बहुतेक नावे नागपूर आणि त्याच्या आसपासची आहेत. अकोला, अमरावती या शहरांतून काही नावे पुढे येतात, पण मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, कारंजा यांसारख्या तालुक्यांच्या गावांतून वरच्या संघापर्यंत पोहोचणे आजही अत्यंत अवघड आहे. मूर्तिजापूर ते नागपूर हे अंतर रेल्वेने दोनशे किलोमीटरहून अधिक. नागपूरच्या गुझदर लीगसारख्या क्लबांच्या स्पर्धांमधली कामगिरी निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर असते. त्यामुळे वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी ज्या कुटुंबाला मुलाला नागपुरात ठेवता येते त्याच्या मुलाला पुढे वाट मिळते, आणि ज्याला ठेवता येत नाही त्याचा मुलगा टेनिस बॉलच्या स्पर्धांचा स्टार म्हणूनच राहतो. तालुक्याच्या गावी टेनिस बॉलचे क्रिकेट उदंड आहे. त्यातून हात-डोळ्यांची चपळाई येते, पण लेदर बॉलची शिवण, तो हवेत वळणे, खेळपट्टीवर पडून उसळणे, यांची तयारी त्यातून होत नाही. ती मॅटवर किंवा टर्फवरच होते.

यात ऋतूंचीही भर पडते. हंगामाबाहेरचे महिने म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. वऱ्हाडात एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो, आणि जून उलटल्यावर काळी जमीन पाऊस पिऊन चिखल होते. खेळपट्टीसाठी ही चिकट काळी माती मोलाची, पण मैदान म्हणून तीच पावसाळाभर निरुपयोगी ठरते. नागपुरात संघटनेच्या बंदिस्त जाळ्यांमध्ये सराव चालू राहतो, तालुक्यातला मुलगा दिवाळीपर्यंत वाट पाहतो. त्याचे चार महिने दरवर्षी असे जातात आणि चौदा ते एकोणीस या वयात हे नुकसान भरून येत नाही. पाहुण्या खेळाडूंवरच्या खर्चाबद्दल बोलणाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत छताखालच्या सरावाची सोय, टर्फच्या दोन-दोन खेळपट्ट्या आणि लेदर बॉलची सलग लीग यांसाठी आवाज उठवला तर त्याचा उपयोग होईल. संघातला चौथ्या क्रमांकाचा फलंदाज विकत आणता येतो. पंधरा वर्षांच्या मुलाची पाच वर्षे विकत आणता येत नाहीत.

अकोल्याचा अथर्व तायडे ही वाट पूर्ण चाललेल्यांपैकी एक. २०१८ च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने त्रिशतक केले आणि विदर्भाने तो करंडक पहिल्यांदा जिंकला. त्यानंतरची वर्षे सरळ गेली नाहीत. २०२४-२५ च्या रणजीच्या अंतिम सामन्यात तो अकरा जणांत नव्हता. त्या क्षणी त्याला ‘संपलेला’ ठरवून त्याच्या जागी बाहेरचा सलामीवीर आणणे सोपे होते, आणि नियमांनुसार तिसऱ्या पाहुण्याची जागाही मोकळी होती. ते केले गेले नाही. इराणी करंडकातले १४३ आणि विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यातले १२८ हे त्या संयमाचे फळ आहे. २०२५ च्या उन्हाळ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणाला आणले किंवा कोण गेले हा नसून तायडेवरचा विश्वास काढून न घेणे हा होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र संघटनेला अवघड हिशेब मांडावा लागेल. शौरीचा जन्म जून १९९२ चा, समर्थचा जानेवारी १९९३ चा, वाडकरचा जुलै १९९४ चा. दोन्ही पाहुणे फलंदाज तिशी ओलांडून पुढे गेले आहेत. मोखाडे, मालेवार, राठोड आणि तायडे यांनी वरच्या फळीत जागा पक्क्या केल्या तर शौरी आणि समर्थ यांच्या जाण्याने खिंडार पडणार नाही, आणि तेव्हा त्यांच्या जागी पुन्हा मोठी नावे आणण्याची मागणी झाली तर ती नाकारायला हवी. यष्टिरक्षकाच्या जागेबद्दल तसे म्हणता येत नाही. वाडकरच्या मागे प्रथम श्रेणीचा पुरेसा अनुभव असलेला दुसरा यष्टिरक्षक आज दिसत नाही. जितेशच्या जाण्याचा खरा परिणाम तिथे आहे. एकोणीस आणि तेवीस वर्षांखालच्या संघांतल्या यष्टिरक्षकाला मर्यादित षटकांच्या सामन्यांत आतापासून संधी देणे, आणि वाडकर दुखापतीने बाहेर असेल तेव्हा बाहेरून कोणाला न बोलावता त्यालाच रणजीत उतरवणे, हा निर्णय २०२६-२७ चा हंगाम सुरू होण्याच्या आत व्हायला हवा.